मामासकट साठ

त्या यार्डात विकायला आलेल्या प्रत्येक जुन्या मशीनच्या काचेवर एक कागद चिकटवलेला असे. इंजिन किती तास चाललंय, टायर किती उरलेत, तेल कुठून गळतंय, आणि सगळ्यात खाली शेरा. पिवळ्या लोडरच्या कागदावर शेऱ्याच्या रकान्यात फोरमनने आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं : 'मामासह चालू.'

ही थट्टा नव्हती. फोरमन थट्टा करत नसे. एकदा त्याने केली होती, ती सगळ्यांनी सूचना समजून आठवडाभर पाळली, तेव्हापासून त्याने नाद सोडला. लोडर खरोखरच मामा सीटवर बसला की चालायचा आणि मामा उतरला की ठप्प व्हायचा. दुसरं कोणीही बसलं की पडद्यावर लाल अक्षरं : 'संपर्क नाही.' इंजिन नुसतं गुरगुरायचं, गिअर पडायचा नाही, आणि तीन हत्तींएवढं ते धूड जागच्या जागी थरथरत उभं राहायचं. मामाने बूड टेकलं की पडदा हिरवागार.

मामा हा मुंगीचा सख्खा मामा, पण यार्डात तो सगळ्यांचाच मामा होता. फोरमनचासुद्धा, जो त्याच्याहून चार वर्षांनी मोठा होता. मुंगी त्याची भाची. वजन चव्वेचाळीस किलो. मशीनच्या पोटात जिथे दुसऱ्याचा हात शिरत नाही तिथे ती खांद्यापर्यंत शिरायची, म्हणून मुंगी. जुन्या मशीनच्या वायरिंगमधले दोष शोधणं हे तिचं काम. तीन वर्षं ती दोष शोधत होती आणि पास झालेल्या मशीनच्या हिरव्या कागदावर सही करायला बाहेरून एक इंजिनिअर येत होता. तो यायचा, चहा घ्यायचा, सही करायचा, आणि जाताना मुंगीला म्हणायचा, शिकत राहा. या महिन्यापासून मालकीणबाईंनी त्याचा चहा बंद केला आणि सहीचा अधिकार मुंगीला दिला. तिच्या सहीचं पहिलं मशीन म्हणून वाट्याला आला तो हा लोडर.

दोष शोधायला ती मागे हटणारी नव्हती. पंचाईत वेगळीच होती. दोष सापडला की मामाचं काय, हा प्रश्न होता, आणि तो यार्डात सगळ्यांना पडला होता. मामाला सोडून. किंवा कदाचित मामालाच सगळ्यात आधी पडला होता.

बत्तीस वर्षं मामाने लोडर चालवले. गेल्या वर्षी ऑपरेटरांची वैद्यकीय तपासणी झाली, तिच्यात त्याच्या कानांनी दगा दिला. डॉक्टरांनी मागून टाळी वाजवली, मामा शांतपणे समोरचा तक्ता वाचत राहिला. नियमाप्रमाणे त्याचं लायसन थांबलं आणि मालकीणबाईंनी त्याला मशीन धुण्याच्या कामावर घेतलं. मामा तक्रार करणाऱ्यांतला नव्हता. रबरी बूट घालून, हातात पाण्याचा पाइप धरून तो दुसऱ्यांनी चिखलात घातलेली मशीनं धूत राहिला. फक्त त्याने शर्टाला इस्त्री करणं सोडलं. पाणी मारणाऱ्याला इस्त्री कशाला, असं तो म्हणाला, आणि ते खरंही होतं.

मग हा लोडर आला. ट्रेलरवरून खाली उतरेचना. ट्रेलरचा ड्रायव्हर बसून पाहून झाला, फोरमन बसला, रंगारी बसला, पुन्हा फोरमन बसला. संपर्क नाही, संपर्क नाही. इतक्यात मामा पाइप घेऊन आला. टायर धुवायला म्हणून वर चढला, काचेवरचा चिखल दिसला म्हणून केबिनमध्ये शिरला, आणि वायपर चालू करण्यापुरता सीटवर टेकला. पडदा हिरवा झाला. मामाने फोरमनकडे पाहिलं. फोरमनने झेंडी दाखवली. मामाने लोडर ट्रेलरवरून असा अलगद उतरवला की टायरखालचा खडासुद्धा हलला नाही.

दुसऱ्या दिवसापासून इस्त्री परत आली.

तीन आठवडे यार्डात लोडर हलवायचा म्हटलं की मामाला हाक जायची. हाक त्याला ऐकू यायची नाही, म्हणून कोणीतरी चालत जाऊन त्याला बोलावून आणायचं, आणि त्यामुळे त्या सगळ्याला आपोआपच एक मान यायचा. पाइप दुसऱ्याच्या हातात गेला. मामा फुशारकी मारत नव्हता. उलट, ज्यांना लोडर जुमानत नसे त्यांची तो समजूत घालायचा. फोरमनला त्याने सांगितलं की मनाला लावून घेऊ नका, मशीनला माणूस कळतो, पण कळायला वेळ लागतो. फोरमनने ते मनाला लावून घेतलं होतं.

लोडरला गिऱ्हाईक मिळालं, दगडखाणीचं. ठेकेदार आला, त्याने सगळं पाहिलं, शेरा वाचला आणि सरळ विचारलं की मामा सोबत मिळणार का. मालकीणबाई म्हणाल्या, माणूस विकत नाही आम्ही. नंतर मात्र त्यांनी अर्धा दिवस त्यावर विचार केला. शेवटी मुंगीला बोलावून सांगितलं की शुक्रवारी चार वाजता ट्रेलर येईल, तोवर हे मशीन कोणीही बसलं तरी चाललं पाहिजे. फोरमनचं म्हणणं होतं की गिअरची पेटी सरळ बदलून टाकावी. कुठलाही दोष असला तरी पेटी बदलावी असं फोरमनला वाटे. एकदा कार्यालयातलं घड्याळ मागे पडलं तेव्हाही तो हेच म्हणाला होता.

अशा मशीनमध्ये तीन शहाणे असतात : इंजिनाची पेटी, गिअरची पेटी आणि ड्रायव्हरसमोरचा पडदा. एकमेकींना पीळ घातलेल्या दोन वायरींवरून ते अखंड बोलत असतात. इंजिन किती फिरतंय, कितवा गिअर हवा, तेल तापलं का. बोलणं तुटलं की तिघेही अबोला धरलेल्या भावांसारखे वागतात. प्रत्येक जण आपल्या जागी ठीक, पण घर चालत नाही. या दोन वायरींच्या दोन्ही टोकांना एकेक रेझिस्टर असतो, एकशेवीस ओहमचा. बॅटरी काढून मधे कुठेही मीटर लावला तर दोघांचे मिळून साठ दिसले पाहिजेत. साठ म्हणजे दोन्ही टोकं जागेवर आहेत. एकशेवीस म्हणजे वाटेत कुठेतरी वायर तुटली आणि एक टोक पलीकडेच राहिलं.

मुंगीने आधी सीटखालचं बटण तपासलं, ज्याला ड्रायव्हर बसलाय की नाही हे कळतं. बटण निर्दोष होतं, ते मुंगीलासुद्धा माणूस धरत होतं. मग तिने बॅटरी काढली, पडद्यामागे मीटर लावला. एकशेवीस. मामाला बसवलं. साठ. उतरवलं. एकशेवीस. अकरा वेळा तिने मामाला चढवलं-उतरवलं, आणि मामा अकराही वेळा न कुरकुरता, दर वेळी शर्ट खाली ओढून, नव्याने बसल्यासारखा बसला. मुंगीने वहीत लिहिलं :

मामाशिवाय १२०.
मामासकट ६०.

"बघ," मामा म्हणाला. "आकड्यातसुद्धा येतंय."

वजनाचा प्रकार असणार, हे कोणालाही सुचलं असतं, आणि फोरमनला सुचलं. मामा एकशेअठरा किलोचा. फोरमनने चाळीस-चाळीस किलोची वाळूची तीन पोती आणवली, सीटवर नीट मधोमध रचली आणि त्यांना सीटबेल्ट लावला. मीटर म्हणाला, एकशेवीस. फोरमनने बेल्ट आवळला. एकशेवीस. मग तो खाली उतरला, हात झटकले आणि म्हणाला की पोत्यांना अनुभव नाही.

आकडे फोरमनच्या बाजूने होते. मामाने वरच्या पोत्यावर हात ठेवला, आणि त्यांचा काही दोष नाही म्हणाला.

गुरुवारी संध्याकाळी मुंगी घरी आली ती हात-पाय धुऊन थेट सोफ्यावर पडली, आणि पडली ती घरंगळत डाव्या कोपऱ्यात गेली. त्या सोफ्यावर हे नेहमीचं होतं. त्याच्या डाव्या टोकाला एक खळगा होता, त्यांच्याच घरी राहणाऱ्या मामाचा. घरात कुठलीही गोल वस्तू हरवली की आधी तिथे शोधायची. इतक्या वर्षांत मुंगीला त्या खळग्याचं कधी काही वाटलं नव्हतं. आज ती त्यात पाय वर करून पडली असताना तिला एकदम वाटलं, की खळगा मधोमध का नाही.

ती उठली. जेवणाच्या टेबलाशी मामाची खुर्ची होती, तिचा डावा पाय बाहेर फाकलेला. दारात मामाच्या चपला होत्या, डावीची टाच कागदाएवढी झालेली.

"आई, मामा डावीकडे बसतो," मुंगी म्हणाली.

आई कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने मान वर केली नाही. "आज कळलं तुला?"

मग आईने सांगितलं की दादाचं हे लोडरवर चढल्यापासूनचं आहे. बकेटची कड दिसावी म्हणून सतत डावीकडे झुकून बसायची सवय लागली, ती हाडात मुरली. आईच्या लग्नाच्या फोटोत तो इतका कलला होता की फोटोग्राफरने त्याला सरळ दाखवण्यासाठी कॅमेरा वाकडा धरला. त्यात बाकीचं लग्न घसरल्यासारखं दिसतं. मुंगी हसली, आणि मग हसायची थांबली, कारण आईच्या हातातला शर्ट मामाचा होता आणि त्यावर इस्त्रीची घडी होती.

"सापडलंय का तुला?" आईने विचारलं.

"उद्या सापडेल असं वाटतं."

आईने शर्ट बाजूला ठेवला. वर्षभराने त्याने इस्त्री मागून घेतली होती माझ्याकडून, ती म्हणाली. स्वतः करतो, बाह्यासुद्धा. मुंगीने विचारलं, की मग नाही सापडलं असं सांगू का. मुंगी लहानपणी कप फोडून आली होती तेव्हा पाहिलं होतं, तसं आईने तिच्याकडे पाहिलं. "तुझे कान लाल होतात," ती म्हणाली. "त्याला ऐकू येत नाही, दिसतं. आणि दुसरं म्हणजे, तुला मीटर धरायला त्यानेच पाठवलं. खोटा आकडा लिहायला नाही पाठवलं."

शुक्रवारी सकाळी मुंगीने तिन्ही पोती सीटच्या डाव्या कडेला सरकवली. मीटर म्हणाला, साठ.

फोरमनने वाकून आकडा पुन्हा वाचला. एका रात्रीत अनुभव आला म्हणायचा पोत्यांना, असं तो म्हणाला, आणि त्याचा आवाज किंचित दुखावलेला होता.

सीट काढली, खालचा पत्रा उचलला, आणि मुंगी त्या भोकात कमरेपर्यंत गेली. दोष तिथेच होता, गिअरच्या पेटीकडे जाणाऱ्या वायरींत. दोन वायरी जिथे जोडल्या जातात तो प्लॅस्टिकचा कपलर, त्याची खिट्टी कधीतरी मोडली होती, आणि आधीच्या कोणा मालकाच्या कोणा हुशार माणसाने तो काळ्या टेपचे तीन वेढे देऊन बांधला होता. टेप सैल पडली, कपलर अर्धवट उघडला. सीटच्या डाव्या बाजूला भरपूर भार आला की पत्रा लवायचा आणि उघड्या कपलरला दाबून मिटवायचा. भार गेला की कपलर पुन्हा तोंड उघडायचा. बस, एवढंच. सीटही मूळची नव्हती, दुसऱ्या कुठल्या मशीनची आणून बसवलेली. तिचे बोल्ट पत्र्याखाली बोटभर जास्तच लोंबत होते. मुंगीने ते पाहिले, आणि सीट तर घट्ट आहे म्हणून सोडून दिले.

मामा लोडरच्या शिडीशी उभा होता. मुंगी भोकातून बाहेर आली, कपलर त्याच्या हातात दिला, आणि त्याच्या समोर उभी राहून, त्याला ओठ दिसतील असं, सगळं सांगितलं. मामाने कपलर दोनदा मिटून उघडला.

"म्हणजे मी वजन होतो," तो म्हणाला.

मुंगीचे कान लाल झाले. "डावीकडचं वजन," ती म्हणाली.

"हां. ते बरोबर आहे." त्याने कपलर तिला परत दिला. "चांगलं शोधलंस. तीन पोती सरकवायची हे फोरमनला सात जन्मात सुचलं नसतं." आणि तो गेला. थोड्या वेळाने धुण्याच्या जागेवरून पाण्याचा आवाज यायला लागला. मुंगीने मान वर करून पाहिलं नाही, पण रंगाऱ्याने न विचारताच सांगितलं, की मामाने शर्ट काढून खुंटीला लावलाय आणि बनियनवर पाइप धरलाय.

मुंगीने जुना कपलर कापून टाकला. नवा घातला, खराब तुकडा काढून नव्या वायरी मोजून पिळल्या, आणि पुस्तकात दाखवतात तशा पत्र्याच्या डाव्या कडेने सरळ रेषेत नेल्या. इतक्या सुंदर, की झाकताना तिच्या जिवावर आलं. मग माणसं बसवली. ती स्वतः, साठ. रंगारी, साठ. फोरमन, साठ. मालकीणबाई चष्मा सावरत वर चढल्या, बसल्या, आणि पडदा हिरवा झाल्यावर आपणच दोष काढल्यासारख्या खाली उतरल्या. त्याही साठ. बॅटरी जोडली, गिअर टाकला, लोडर मागे-पुढे केला. दुपारी तीन वाजता मुंगीने आयुष्यातल्या पहिल्या हिरव्या कागदावर सही केली. आदल्या आठवड्यात तिने सहीचा सराव केला होता, पण ऐन वेळी जी आली ती जुनीच आली, शाळेच्या प्रगतिपुस्तकावर वडिलांच्या नावाने करायची ती.

ट्रेलर फाटकातून आत वळत असताना मामा लोडरचे टायर शेवटचे धुवायला आला. धुऊन झाले. त्याने पाइप बंद केला.

"एकदा बसू का?" त्याने विचारलं. "निरोपाचं म्हणून."

कोण नाही म्हणणार. मामाने हात पुसले, शिडी चढला, आणि सीटवर बसला. जसा बत्तीस वर्षं बसत होता तसा, डावीकडे झुकून.

पडद्यावर लाल अक्षरं आली : 'संपर्क नाही.'

मामा उठला. पडदा हिरवा झाला. मामा बसला. संपर्क नाही. फोरमनने खिशातून पेन काढलं, काचेवरचा कागद गाठला, आणि 'मामासह' या शब्दावर रेघ मारून 'मामाशिवाय' लिहायला घेतलं.

"मी काही केलं नाही," मामा वरून म्हणाला. एकशेअठरा किलोचा माणूस एवढा लहान झालेला मुंगीने पूर्वी पाहिला नव्हता.

ट्रेलर लागला होता. खाणीवरचा ड्रायव्हर ट्रेलरबरोबर आला होता, आणि तो पंचावन्न किलोच्या वर एक चमचा नव्हता. फोरमनने हळूच मुंगीला तेवढं दाखवलं. त्याचं म्हणणं साधं होतं : मशीन सगळ्यांना चालतंय, मामाला चालत नाही, आणि मामा काही खाणीत जात नाहीये. सही झालेली आहे. जाऊ दे.

मुंगीच्या हातात हिरवा कागद होता. तिने मामाकडे पाहिलं.

"मामा, बसल्यावर काय झालं? नीट आठवून सांग."

मामाने डोळे मिटले. कान गेल्यापासून तो मशीन कशाने ऐकायचा हे मुंगीने कधी विचारलं नव्हतं. आता तिला ते दिसत होतं : तो पुन्हा बसला, सावकाश, एकेक तसू, आणि मधेच थांबला.

"इथे," तो म्हणाला. "डावीकडे, मागच्या कोपऱ्यात. काहीतरी टेकतंय. आधी टेकत नव्हतं. आधी मऊ होतं, आता चावतंय."

मुंगीने बॅटरी काढली, मीटर लावला. मामासकट शून्य. साठ नाही, एकशेवीस नाही, शून्य. म्हणजे दोन वायरी एकमेकींना भिडल्या. आणि तिला सकाळी पाहून सोडून दिलेले ते लांब बोल्ट आठवले, आणि पुस्तकातल्यासारखी सरळ नेलेली आपली ती सुंदर वायर, बरोबर मागच्या डाव्या बोल्टखालून.

सीट काढून पाहिलं तर तसंच. पत्रा लवला की बोल्टचं आट्यांचं टोक खाली येत होतं आणि दोन्ही वायरींच्या आवरणात दात रोवत होतं.

"खाणीत खड्डे असतात," मुंगी म्हणाली. फोरमनला म्हणाली, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "बकेट भरलेली असताना खड्ड्यात आदळलं की पंचावन्न किलोचा माणूस किती किलोचा होतो? हा बोल्ट तिथे चावला असता. उतारावर, भरल्या बकेटीनिशी. नाव माझं असतं."

आणि तिने हिरवा कागद फाडला. दोनदाच, तिसऱ्यांदा फाडायला तो जाड होता. मालकीणबाईंनी ट्रेलरच्या ड्रायव्हरला कार्यालयातली खुर्ची आणून दिली आणि बसा म्हणाल्या. त्यांच्या त्या म्हणण्यानंतर माणसं बसतात.

दीड तास लागला. चारही बोल्ट कापून बरोबर लांबीचे केले, टोकं घासून गोल केली. वायर नवी, उजव्या कडेने, रबरी नळीतून, दर वितीवर क्लिप. दिसायला पहिल्यापेक्षा बेंगरूळ. मुंगी भोकातून बाहेर आली तेव्हा मामा शिडीशी उभा होता, आणि त्याने शर्ट घातला होता. वरचं बटणसुद्धा लावलं होतं.

तो बसला. साठ.

"झुक."

झुकला. साठ.

"आदळ."

मामाने दोन्ही हातांनी हँडल धरलं, उठला, आणि बत्तीस वर्षांचा अनुभव सगळ्या वजनानिशी खाली आणला. केबिनची काच वाजली. रंगाऱ्याचा डबा सांडला. मीटर म्हणाला, साठ. आणखी एकदा. साठ. मामाला आता मजा यायला लागली होती. सातव्या खेपेला फोरमनने झेंडी दाखवून त्याला थांबवलं.

मुंगीने नवा हिरवा कागद घेतला. सगळे रकाने भरले, सही केली आणि खाली, जिथे रकाना नव्हता तिथे, हाताने एक ओळ आखली : 'डावीकडचा भार, आदळून : तपासला.' त्या ओळीपुढे मात्र तिने सही केली नाही. कागद मामापुढे धरला.

"मी कशाला? मी वजन," मामा म्हणाला.

"पोतीसुद्धा वजनच होती, मामा. चावतंय कुठे ते वाळूने मला सांगितलं नसतं."

मामाने ओठ वाचले. मग पुन्हा सांग, असं बोटाने खुणावलं. त्याला पहिल्या वेळीच नीट कळलं होतं हे मुंगीला ठाऊक होतं. तरी तिने पुन्हा सांगितलं, सावकाश, सगळ्यांसमोर. मामाने सही केली. ओळीत न मावणारी, डावीकडे झुकलेली.

ट्रेलर सव्वासहाला गेला. खाणीवरच्या ड्रायव्हरने लोडर स्वतः वर चढवला, आणि वर पोचल्यावर, कोणी सांगितलं नसताना, मामाकडे बघून हात वर केला. फोरमनने शेरा पुरता खोडून नुसतं 'चालू' लिहिलं. त्याला ते फिकं वाटत होतं.

सोमवारी मालकीणबाईंनी यार्डाचे हिरवे कागद नव्याने छापायला टाकले, त्यात ती ओळ छापील झाली, आणि ती तपासायची म्हणजे प्रत्येक मशीनवर मामाने आदळायचं असं ठरलं. त्यामुळे एक अडचण आली. यार्डातल्या प्रत्येक मोजमापाच्या उपकरणावर, मीटर असो की तेलाच्या दाबाचा काटा, तपासणीची तारीख आणि मुदत लिहिलेला स्टिकर असावा, असा नियम होता आणि तो फोरमनच्या ताब्यात होता. फोरमनने मामाला सुट्या भागांच्या काट्यावर उभं केलं, वजन घेतलं, एकशेअठरा पूर्णांक चार, ते नोंदवहीत चढवलं, आणि मामाच्या शर्टाच्या खिशावर, इस्त्रीच्या घडीला धक्का न लावता, स्टिकर चिकटवला. मुदत एक वर्ष. फोरमनच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. मामाच्याही नव्हतं. दोघांनी हात मिळवला.

आई आता तो शर्ट वेगळा धुते, खिसा हातात धरून. मागच्या महिन्यात डॉक्टरांनी मामाला दहा किलो कमी करायला सांगितलं, तेव्हा त्याने खिशावर बोट ठेवून त्यांना मुदत दाखवली. तोवर उपकरणात फेरफार करता येत नाही, असं म्हणून तो वळून निघाला. डॉक्टरांनी मागून काहीतरी उत्तर दिलं, पण ते मामाला ऐकू आलं नाही.